टपालपेटीजवळची पिवळी वेल

निवृत्त माणसाने बायकोसमोर "मला माहीत आहे" असं कधीही म्हणू नये. नोकरीत असताना गोष्ट वेगळी होती. मी विमा कंपनीसाठी गारपिटीनंतर लोकांची छपरं तपासायचो. शिडीवरून खाली उतरून मी "मला माहीत आहे" म्हटलं की घराचा मालक माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. ती सवय लागली ती लागलीच. निवृत्तीनंतर शिडी सुटली, छपरं सुटली, ओहायोसुद्धा सुटलं आणि आम्ही कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात येऊन राहिलो. हे एक वाक्य तेवढं माझ्याबरोबर सामानातून आलं.

वाळवंटात येऊ या हा हट्ट माझा. नॅडीनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, त्याला विरोध होता आणि तो कायम आहे. "इथलं जे टोचत नाही ते चावतं, आणि जे चावत नाही ते मेलेलं असतं," हे तिचं मत. तिच्या या मताला आमच्या टपालपेटीजवळच्या झुडपाने पहिल्याच आठवड्यात पुष्टी दिली होती. मांजराच्या नखांसारखे वाकडे काटे असलेलं ते करडं झुडूप. त्याने तिच्या आवडत्या स्वेटरची बाही उसवली, तेव्हापासून ती टपाल आणायला मलाच पाठवायची.

त्या वर्षी हिवाळ्यात पाऊस चांगला झाला. नाताळच्या सुमाराला एकदा आणि पुढे जानेवारीत दोनदा. मुलगी ओहायोहून फोनवर सांगत होती की आमच्या घराचा खालचा मजला रिकामाच आहे, तुम्ही या. नॅडीनने ठरवूनच टाकलं होतं. एप्रिल लागला की घरांच्या दलालाला फोन करायचा, घर विकायचं आणि परत जायचं. मी नुसता "बघू" म्हणत होतो. मला जायचं नव्हतं. सकाळी दार उघडल्यावर समोर काहीही नसणं मला फार आवडतं. पण हे बायकोला समजावून सांगता येत नाही.

आणि मग फेब्रुवारीत एका सकाळी नॅडीन कॉफीचा कप घेऊन बाहेर गेली आणि तिथूनच ओरडली, "वेंडेल, हे काय आहे?"

मी धावत गेलो. विंचू असेल असं वाटलं. तर ती त्या करड्या झुडपासमोर वाकून उभी होती. झुडपात सुताएवढ्या बारीक खोडाची एक वेल कुठून तरी शिरली होती आणि काट्याकाट्याला वेढा घालत वर चढली होती. तिला नखाएवढी पिवळी फुलं आली होती. एकेक फूल केसासारख्या देठावर, हवेत तरंगल्यासारखं.

या वाळवंटातल्या एखाद्या गोष्टीबद्दल नॅडीनने प्रश्न विचारण्याची ही पहिली वेळ. इथे शहाण्या माणसाने "काय माहीत गं, छान आहे" एवढंच म्हणायचं. मी म्हणालो, "हे होय? मला माहीत आहे. इथलं सगळंच मला माहीत आहे."

"मग सांग नाव."

मी घसा खाकरला. आणखी एकदा खाकरला.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "इतकी वर्षं या वाळवंटाचं कौतुक ऐकवतोयस, आणि दारातल्या फुलाचं नाव तुला येत नाही! असं करू. ही फुलं आहेत तोवर मला नाव सांग. खरं नाव. सांगितलंस तर दलालाला फोन नाही. नाही सांगितलंस तर मी सामान बांधायला घेते आणि तू हू की चू करायचं नाही."

नॅडीन बोलते ते करते. तिच्या बहिणीने एकदा तिचा केकचा साचा परत केला नाही, तर साचा परत येईपर्यंत ती तिच्याशी बोलली नव्हती. मध्ये त्या बहिणीचं लग्न झालं तरी. त्यामुळे पैज लागली म्हणजे लागली. एका बाजूला माझं घर, माझा व्हरांडा आणि समोरचं ते काहीही नसणं. दुसऱ्या बाजूला मुलीच्या घराचा खालचा मजला आणि बर्फ उपसायचं फावडं.

मी ग्रंथालयातून रानफुलांचं पुस्तक आणलं. पुस्तकात फुलं रंगांप्रमाणे लावलेली होती, त्यामुळे मला आधी हायसं वाटलं. पण वाळवंटात देवाकडे पिवळा रंग फारच उरला असावा. निळ्याची चार पानं, लालची तीन आणि पिवळ्याचं अर्धं पुस्तक. शिवाय प्रत्येक ठिकाणी असं काही लिहिलेलं की, खालच्या ओठावर लव आहे का ते पाहा. फुलाला ओठ असतात हे मला त्या दिवशी कळलं. ते पाहण्यासाठी मी भिंग घेऊन खडीवर पालथा पडलो आणि मान वाकडी करून झुडपात डोकं घातलं.

आमची कॉलनी निवृत्तांची. इथे अंगणात हिरवळ नसते, खडी असते. आणि त्या खडीवर सत्तरीचा माणूस पालथा पडलेला दिसला की त्याचा एकच अर्थ लावला जातो. मी दुसऱ्या ओठापर्यंत पोचतोय तोच रुग्णवाहिका आली. दोन धट्टीकट्टी माणसं मला उताणा करून विचारू लागली, "आजोबा, आज वार कोणता?"

"अहो, मी फूल बघतोय!"

"बरं बरं," त्यातला एकजण समजुतीने म्हणाला आणि त्याने दंडाला पट्टा बांधला. मला तोपर्यंत रक्तदाब नव्हता. त्या दिवशी निघाला.

रुग्णवाहिकेला फोन केला होता शेजारच्या हार्लनने. हार्लन मूळचा आयोवाचा, आयुष्यभर मका पिकवलेला. आता त्याच्या परसात ग्रेपफ्रूटचं एक झाड आहे आणि ते इतकं लागतं की हार्लन कुणाच्याही दारात मोकळ्या हाताने जात नाही. तो पिशवीभर ग्रेपफ्रूट घेऊन माझी विचारपूस करायला आला, आणि पैजेची हकिकत ऐकून त्याने खिशातून फोन काढला.

"एवढंच ना? अरे, आता फोनला फोटो दाखवला की तो नाव सांगतो. थांब, नीट उजेडात घेऊ या." असं म्हणून मी हां हां म्हणेपर्यंत त्याने एक फूल तोडलं आणि पांढऱ्या रुमालावर ठेवलं.

फोन म्हणाला, घेवडा. हार्लनने आणखी एक फूल तोडून वेगळ्या बाजूने फोटो काढला. फोन म्हणाला, भोपळा. तिसऱ्या फोटोत हार्लनचा अंगठा आला होता. त्यावर फोन पूर्ण खात्रीने म्हणाला, बटाटा.

"बटाटा नसावा," हार्लन विचारपूर्वक म्हणाला. "पण वेल अशक्त आहे रे. पाणी घालतोस का?"

"वाळवंटातली आहे ती, हार्लन."

"म्हणून काय तिला तहान लागत नाही?"

आयोवातल्या माणसाचा पाण्यावर फार विश्वास. मीही ओहायोच्या पावसात वाढलेला, त्यामुळे मला ते पटलं. मी दोन दिवस झारीने पाणी घातलं. वेलीची खालची पानं पिवळी पडून गळली. आता तिच्यात पिवळं नव्हतं असं काही उरलं नाही. नॅडीन खिडकीतून बघत होती. तिने गॅरेजमधून रिकामी खोकी आत आणून ठेवली.

इकडे रुग्णवाहिकेमुळे आमच्या दाराकडे सगळ्या कॉलनीचं लक्ष गेलं होतं. त्यात कॉलनीच्या कमिटीच्या अध्यक्षा फिलिसबाईंचंही गेलं. फिलिसबाई पूर्वी न्यायालयात शिरस्तेदार होत्या. त्या गोल्फच्या छोट्या गाडीतून कॉलनीत फिरतात आणि कुणाच्या दारात काय उगवलंय ते बघतात. आमच्या कॉलनीचा नियम असा की, दारात जे लावलं ते झाड, आणि जे आपोआप उगवलं ते तण. हिवाळ्यात पाऊस झाला की तण येतं, म्हणून दरवर्षी फवारणीची गाडी येते आणि सगळ्यांची खडी पुन्हा खडीसारखी करून जाते.

"पुढच्या गुरुवारी गाडी येतेय, मिस्टर स्ट्राउड," फिलिसबाई गाडीतूनच म्हणाल्या. "ते जे काय आहे ते जाईल."

"ते तण नाही हो, फिलिसबाई."

"मग काय आहे?"

"तेच शोधतोय."

"शोधा. नाव कळलं तर अर्ज करा, कमिटी माफी देईल. नाव नसलेल्या वनस्पतीला माफी द्यायची सोय नाही. आणि वेंडेल," इथे त्यांचा आवाज जरा खाली आला, "प्रकृतीला जपा. उन्हात पालथं पडू नका."

म्हणजे आता नुसती पैज राहिली नव्हती. गुरुवारपर्यंत नाव मिळालं नाही तर वेल जाणार, फुलं जाणार आणि त्यांच्यामागून मीही जाणार. तेव्हा मी ठरवलं की शेजाऱ्यांचे सल्ले पुरे, आता थेट जाणकाराकडे जायचं. आमच्या गावाबाहेर रानफुलांसाठी राखलेलं मोठं उद्यान आहे. तिथल्या कचेरीत कुणाला तरी नक्की माहीत असणार. फूल नेण्यासाठी योग्य डबी सापडेना, म्हणून मी माझ्या आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीतला बुधवारचा कप्पा रिकामा केला, त्यात ओला कापूस आणि त्यावर एक फूल ठेवलं. बुधवारच्या गोळ्या शर्टाच्या खिशात टाकल्या. त्या पुढे धुण्यात गेल्या, पण तो भाग वेगळा.

कचेरीत टेबलामागे एक तरुण वनरक्षक बसला होता. मी मोठ्या ऐटीत डबी उघडली. त्याने आत पाहिलं आणि तो उभाच राहिला.

"हे कुठून तोडलंत?"

"माझ्या दारातून."

"सगळे हेच सांगतात."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उद्यानातलं फूल तोडणं गुन्हा आहे, हे तिथल्या प्रत्येक वळणावर पाटी लावून सांगितलेलं आहे. मी स्वतः पर्यटकांवर त्यावरून डाफरलेलो आहे. आणि आता मीच तोडलेलं फूल घेऊन पहारेकऱ्याच्या पुढ्यात आलो होतो! रांगेत मागे उभी असलेली एक बाई मोठ्याने म्हणाली, "या वयात हे असं!"

"अहो, माझ्या टपालपेटीजवळ उगवलंय ते," मी म्हणालो.

"पुरावा?"

"फुलाचा काय पुरावा असणार?"

"वेलीसकट फोटो आणा. घराचा नंबर दिसला पाहिजे. तोवर हे इथेच राहील." त्याने चिमट्याने माझं फूल उचललं आणि एका पाकिटात घालून वर तारीख टाकली.

"निदान नाव तरी सांगाल का त्याचं?"

"ते आमच्या ओक्सनडाल मॅडम सांगतील. पण बहर आलाय ना, त्या डोंगरात मोजणीला गेल्यात. तुमचा नंबर लिहून ठेवतो. पुढच्या शुक्रवारी आल्या की फोन करतील."

पुढच्या शुक्रवारी! म्हणजे फवारणीच्या दुसऱ्या दिवशी. चाळीस वर्षं मी लोकांना "पुरावा आणा, मग बघू" असं सांगत आलो होतो. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं, ते मी गाडी चालवत घरी येताना पुरतं अनुभवलं.

तरी मी हार्लनकडून फोटो काढून घेतला. वेल, फुलं, टपालपेटी आणि तिच्यावरचा घराचा ठळक नंबर. कचेरीला तो मी पाठवला. पण हार्लन हा मदतीला सोकावलेला माणूस. त्याने तोच फोटो इंटरनेटवरच्या कुठल्याशा फुलवेड्यांच्या मंडळात टाकला आणि खाली लिहिलं, "माझ्या मित्राचा संसार या फुलाच्या नावावर अवलंबून आहे. कृपया मदत करावी."

मदत आली. आधी नावं आली, आणि त्यातली कुठलीही दोन एकमेकांशी जुळत नव्हती. मग शनिवारी माणसं आली. फोटोत घराचा नंबर होताच, रस्त्याचं नाव कुणीतरी शोधून काढलं. बहराच्या दिवसांत शहरातून गाड्यांची रांग लागते, ती एरवी डोंगराकडे जाते. त्या दिवशी तिचं एक शेपूट आमच्या दारात आलं. एक मुलगी पांढरा झगा घालून आमच्या खडीवर आडवी झाली. तिच्यासाठी कुणी रुग्णवाहिका बोलावली नाही. एका गृहस्थाने मला "संसार मोडतोय ते तुम्हीच का?" असं विचारून खांद्यावर थोपटलं. आणि जो येई तो "एकच हं, नाव शोधायला" म्हणून एक फूल तोडून नेई. मी आडवा आलो, ओरडलो, शेवटी झाडू घेऊन उभा राहिलो. हार्लनने सगळ्यांना ग्रेपफ्रूट वाटले.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी झुडपापाशी गेलो. नाव शोधण्याच्या उत्साहात लोकांनी वेल ओरबाडून टाकली होती. एकच फूल शिल्लक होतं, अगदी आत, काट्यांच्या दाटीत, जिथे कुणाचा हात पोचला नव्हता. मला भरून आलं. घर जाणार याचं दुःख होतंच. पण त्या बिचारीने कुणाचं काय वाकडं केलं होतं? पाऊस पडला म्हणून आली, आधार मिळाला म्हणून चढली. मी तिचं नाव विचारलं नसतं तर ती सुखात राहिली असती.

नॅडीन माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "जेवायला चल." ओहायोचं नावही काढलं नाही, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी फवारणीची गाडी आली. तिच्या पुढे गोल्फच्या गाडीत फिलिसबाई. मी दारात अर्ज घेऊन उभा होतो. नावाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, "पिवळी वाळवंटी वेल".

"हे नाव नाही, वर्णन आहे," फिलिसबाई म्हणाल्या. "असं तर मी तुम्हाला 'उंच टकला गृहस्थ' म्हणेन. चालेल?"

हार्लन हसला. मी त्याच्याकडे रागाने बघितलं. फवारणीवाल्याने नळी ओढून झुडपाकडे वळवली. एवढ्यात आमचं दार धाडकन उघडलं आणि नॅडीन बाहेर आली. अंगात घरातला झगा, पायात सपाता. ती सरळ चालत जाऊन नळीच्या आणि झुडपाच्या मधे उभी राहिली.

"जरा थांब रे बाबा," ती फवारणीवाल्याला म्हणाली. "जायचंच आहे तर एकदा नीट बघू दे मला तिला."

तिने बाही सावरली नाही की काही नाही. त्या काट्यांमध्ये कोपरापर्यंत हात घातला. बाही उसवल्याचा आवाज मला ऐकू आला. ती फूल तोडेल असं मला वाटलं. तिने तोडलं नाही. दोन नखांच्या मधे ते पिवळं फूल अलगद धरलं आणि दोन्ही बाजूंनी दाबलं.

फुलाने तोंड उघडलं.

तिने सोडलं, फुलाने तोंड मिटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उघडलं. आणि नॅडीन हसायला लागली. आमचं लग्न व्हायच्या आधी ती जशी हसायची, तशी.

"अरे, हा स्नॅपड्रॅगन आहे!" ती म्हणाली. "आईच्या पायऱ्यांपाशी असायचे बघ, लाल आणि गुलाबी, माझ्या कमरेएवढे. आम्ही बहिणी त्यांची तोंडं उघडझाप करून त्यांच्यात भांडणं लावायचो. हा त्यांचाच कुणीतरी. इवलासा झालाय बिचारा, पण त्यांचाच. तू इथे काय करतोयस रे बाळा?" हे शेवटचं फुलाला होतं.

हार्लन पुढे येऊन म्हणाला, "मला बघू." त्याने अंगठा आणि बोट घालून फुलाला जांभई द्यायला लावली. त्याच्याही आईच्या दारात होते, आयोवात. फवारणीवाल्याने हातमोजा काढून बघितलं. त्याला हा खेळ माहीत नव्हता. त्याने दोनदा करून बघितलं. शेवटी फिलिसबाई गाडीतून उतरल्या. त्या गाडीतून उतरलेल्या मी प्रथमच बघत होतो. "इंडियानात आमच्याकडे पांढरे होते," त्या म्हणाल्या, चष्मा वर केला, आणि न्यायालयीन गांभीर्याने त्यांनी फूल दाबलं.

फूल तुटून त्यांच्या तळहातावर पडलं.

फिलिसबाईंचा चेहरा पांढराफटक झाला. त्यांनी एकदा फुलाकडे पाहिलं, एकदा नॅडीनकडे. मग माझ्या हातातला अर्ज ओढून घेतला, "पिवळी वाळवंटी वेल" खोडून स्वतःच्या हाताने "स्नॅपड्रॅगन" लिहिलं, खाली सही ठोकली आणि म्हणाल्या, "कायमची माफी. झुडपासकट." आणि गाडी घेऊन गेल्या.

शुक्रवारी ओक्सनडाल मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणाल्या की तुमच्या मिसेसचं बरोबर आहे. वाळवंटातला चढणारा स्नॅपड्रॅगन तो. फुलाचा देठच दुसऱ्या झुडपाला विळखा घालतो आणि वर चढतो. नॅडीनने माझ्या हातातून फोन घेतला.

"परत येईल का ती?"

"बी पडलं असेल तर येईल, पण हिवाळ्यात पुरेसा पाऊस हवा. नाही तर बी वाळूत पडून राहतं. पुढच्या वर्षी येईल, नाही तर दहा वर्षांनी. सांगता येत नाही."

नॅडीनने फोन ठेवला. मी खुर्चीत सरळ बसलो. हरलेल्या माणसाने निदान ऐटीत हरावं असं मला वाटतं. "नाव तू ओळखलंस, मी नाही," मी म्हणालो. "मी शब्दाचा पक्का आहे. दलालाचा नंबर फ्रीजवर लावलाय."

"आणि बी?"

"बीचं काय?"

"आधीच सुकलेल्या फुलांच्या बोंडांतलं बी खाली पडलंय ते कोण बघणार? हार्लन? पाणी घालून मारेल तो." ती उठली आणि खोकी पुन्हा गॅरेजमध्ये ठेवू लागली. "ती परत येईपर्यंत मी इथून हलत नाही. ती आली, मी बघितली, की मग जाऊ."

त्यानंतरचे हिवाळे कोरडे गेले. सगळी कॉलनी आभाळाकडे डोळे लावून बसायची. हार्लन रोज हवामानाच्या बातम्या ऐकून उसासे टाकायचा. नॅडीनने झुडपाभोवती दगडांचं कडं केलं, तिथे खडीला दाताळं लावायची मला बंदी झाली, आणि रोज सकाळी ती कॉफी घेऊन तिथे वाकून बघायची. पश्चिमेच्या डोंगरावर ढग दिसले की मी व्हरांड्यात येऊन ते कुठे जातात ते बघत उभा राहायचो. ते नुसतेच निघून गेले की मी हार्लनबरोबर उसासा टाकायचो, पण माझा वेगळ्या कारणाने. सगळ्या वाळवंटात पाऊस नको असणारा मी एकटाच असेन. दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे मी ते रानफुलांचं पुस्तक विकत घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ केलं. पिवळ्यांसकट.

या हिवाळ्यात पाऊस झाला. चांगला झाला. फेब्रुवारीत झुडपात सुताएवढं खोड चढलं आणि एका सकाळी पहिलं फूल उमललं. नॅडीन माझा हात धरून मला तिथे घेऊन गेली. तिने फूल दाबलं, त्याचं तोंड उघडलं, ती हसली. मी हसलो नाही. मी त्या वाक्याची वाट बघत होतो.

ती सरळ झाली. कॉफीचा घोट घेतला. मग तिची नजर दगडांच्या कड्यापलीकडे गेली. तिथे खडीत, जमिनीला चिकटून, बशीएवढा जांभळा गालिचा पसरला होता.

"वेंडेल," ती म्हणाली, "आणि हे काय आहे?"

जांभळ्या फुलांच्या भागात तिसरं पान, वरून दुसरं चित्र. मला त्याचं नाव माहीत होतं. बोलीतलं आणि शास्त्रीय, दोन्ही नावं माहीत होती.

"काय माहीत गं," मी म्हणालो. "छान आहे. शोधावं लागेल. बराच वेळ लागेल."

नॅडीनने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, इतका वेळ की मला घसा खाकरावासा वाटला.

"शोध सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही."

मी भिंग आणलं आणि खडीवर पालथा पडलो. पलीकडे हार्लनचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि नॅडीन त्याला ओरडून सांगत होती, "फोन करू नकोस रे, तो ठीक आहे!"